डोकं न बुडवता

चैत्र वद्य ५, मंगळवार. दिवेलागण.

आणि वर म्हणते काय, गोदाक्का, डोकं बुडवा! कालची पोर ही सुशीलाबाई. पुण्याहून गळ्यात शिट्टी घालून आली आणि मला पाण्याचं शिकवते. बत्तीस वर्षं हुबळीत संसार केला, आडाचं पाणी ओढून हाताला घट्टे पडले, मला पाणी काय नवीन? हात मारते, पाय मारते, तोंडानं फू फू करते, अजून काय पाहिजे? डोकं कोरडं ठेवून बाई पलीकडं पोचली तर सरकार दंड करतं का? तसं विचारलंच मी. बाकीच्या हसल्या. सुशीलाबाई हसली नाही. म्हणाली, डोकं वर धरलं की पाय खाली जातात, हा नियमच आहे.

नियम! माझे पाय माझ्या हुकमात आहेत.

पाय खाली गेले हे खरं. ते गारठ्यामुळं.

आता पहिल्यापासून लिहिते. सुशीलाबाईनं सगळ्यांना वही घालायला सांगितलंय, प्रॅक्टिस लिहायला. माझं शिक्षण मराठी दुसरी, तीही अर्धी. वही कोणाला दाखवायची नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिते.

भगिनी मंडळानं बायकांची पोहायची टीम काढलीय. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार, उणकलच्या वाटेवर शिंदीकरांच्या मळ्यातली चौकोनी विहीर. माळी फाटकाबाहेर पाठ करून बसतो. ज्येष्ठात तिथंच धारवाडच्या मंडळाशी मॅच. मी गेले ती गुडघ्यांसाठी. बाळाचार्य वैद्य म्हणाले होते, पाण्याचा उपाय करा. त्यांनी गरम पाण्याचा शेक सांगितला होता, पण पाणी ते पाणी.

धारवाडच्या टीममध्ये कोण कोण आहे, त्याच्याशी मला काही कर्तव्य नाही.

चैत्र वद्य ८, शुक्रवार.

नाव घालताना मी सांगितलं होतं, मला येतं. खोटं नाही. सगळा फाल्गुन माजघरात दोन पाट जोडून, त्यावर पालथी पडून हातपाय मारलेत. रोज दोनशे. ह्यांनी एकदा दारातून बघितलं, चपला घातल्या आणि दुकानी गेले. कमरीपेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. तिथं बसून कोणाला काय सांगितलं देव जाणे, चार दिवस गिऱ्हाइकं माझ्याकडं बघून हसत होती.

पाटावर मी धारवाडपर्यंत गेले असते.

विहिरीत मात्र आज सुशीलाबाईनं पाठीला वाळका भोपळा बांधला. सहा वर्षांच्या पोरीला बांधतात तसा! नीलव्वा म्हणून एक आहे, उणकलची, शेतकऱ्याची बायको. ती कन्नडमधून म्हणाली, अक्का, हेदरब्याड, भोपळा कोणाला बुडू देत नाही. मी म्हटलं, भितंय कोण? ती मासळीसारखी पलीकडं गेली आणि तिथून हात हलवत बसली. तिला कोणी शिकवलं नाही, गाईम्हशींबरोबर तळ्यात शिकली. मलाही कोणी शिकवलेलं नाही. आम्ही दोघी एकाच जातीच्या म्हणायच्या. फरक एवढाच, तिला पाणी मिळालं, मला पाट.

वैशाख शुद्ध ३, मंगळवार. अक्षय तृतीया.

धारवाडची यादी आली. आता सुशीलाबाईला मोठ्यानं वाचायची काय गरज होती?

पाच नावं. तिसरं नाव, सौ. कमल.

सौ. म्हणे.

मी पदराला पीळ देत उभी राहिले. मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं सगळ्या भिंतीकडं बघायला लागल्या. नीलव्वा एकटी माझ्याकडं बघत होती.

कमल माझी. एकुलती. सतराव्या वर्षी मिरजेला तिचा नवरा तापानं गेला. मी तिला घरी आणली. पेठेतल्या बायका काय काय म्हणाल्या, मी तिला धारवाडला ट्रेनिंग कॉलेजात घातली. मीच. पायावर उभी राहील म्हणून. तिनं तिथं एक कन्नड मास्तर गाठला, बसवराज नावाचा, आणि लग्न केलं. विधवेनं! परक्या जातीत! सप्तापुरात भाड्यानं राहतात. अडीच वर्षं झाली.

चिठ्ठी आली त्या दिवशी मी परसातल्या आडावर गेले आणि तिच्या नावानं अंघोळ केली. डोक्यावरून सात घागरी. माणूस मेल्यावर करतात ती. शेजारपाजार कुंपणावरून बघत होता. बघू दे म्हटलं. मेली म्हटल्यावर मेली.

आज घरोघरी लेकी आल्यात. आमच्याकडं शांतता. आंब्याची डाळ केली होती, ती उरली.

वैशाख शुद्ध ६, शुक्रवार.

टीममध्ये माझी निवड झाली! धारवाडच्या पाच म्हणून आमच्याही पाच पाहिजेत, आणि आमच्यात नेमक्या पाचच आहोत, हे खरं असलं तरी निवड ती निवड.

रेस अशी, एकीनं पलीकडच्या भिंतीला हात लावून परत यायचं, मग दुसरीनं उतरायचं. सुशीलाबाई मला पहिला नंबर देत होती, म्हणजे नुकसान लवकर संपेल. मी म्हटलं, तिसरा. ती म्हणाली, का? मी म्हटलं, तिसरा नाही तर मी नाही. दिला.

तिसरीच्या शेजारी तिसरी उभी राहणार. पायरीवर हातभर अंतरावर. तिथं तोंड फिरवून जाणार कुठं? आई समोर दिसेल, ह्या वयात कासोटा खोचून पाण्यात उतरलेली, तेव्हा कळेल तिला आई कशाची बनलीय. मग तीच बोलेल. मग रडेल. मग मी म्हणेन, बघू. एकदम हो म्हणायचं नाही असं ठरवलंय. निदान पंधरा दिवस लावायचे.

लिंबाचं लोणचं परत संपलं. माघातली अख्खी बरणी. घरात दोन माणसं, हे तर तिखट खात नाहीत. उंदीर असणार. हे गुरुवारी धारवाडला गेले होते, भांड्यांच्या कामाला. दर गुरुवारी जातात. धारवाडच्या लोकांना भांडी फार लागतात.

वैशाख शुद्ध १३, शुक्रवार.

सुशीलाबाईनं आज जाहीर केलं, मॅचला भोपळा चालणार नाही. मी विचारलं, कोणी केला हा नियम? म्हणाली, सगळीकडं आहे. सगळीकडं म्हणजे पुण्यात.

भोपळ्याशिवाय उतरले. चार हात मारले. पाचव्याला विहीर वर गेली. नीलव्वानं बखोटीला धरून पायरीवर आणलं. म्हणाली, अक्का, तू पाण्याशी भांडतीस, ते तुझी सासू आहे काय? मी म्हटलं, सासूला मी दोन वर्षांत सरळ केलं होतं. ती इतकी हसली की तिचाच तोल गेला.

मग खाली बसून हळू म्हणाली, डोकं एकदा घाल. एकदाच. आत काही नाही, नुसतं हिरवं आहे.

मी म्हटलं, केस वाळत नाहीत माझे.

वैशाख वद्य ३, मंगळवार. सकाळ.

न्हाणीत घंगाळ भरलं, कडी लावली, श्वास घेतला आणि तोंड आत घातलं. तीन मोजेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. एकलाच वर आले. न्हाणीतून ओरडले म्हणे. हे धावत आले. मी सांगितलं, पाल होती.

आज प्रॅक्टिसला जाणार नाही. गुडघा.

संध्याकाळी.

वर लिहिलंय की चिठ्ठी आली. चिठ्ठी नव्हती. ती स्वतः आली होती. परसाच्या दारात उभी होती, नवीन हिरवं लुगडं, हातात पेढ्यांचा पुडा. मास्तर बाहेर रस्त्यावर थांबला होता. ती म्हणाली, आई, नमस्काराला आलोय. मी तिच्या समोरच आडात घागर सोडली. एक, दोन. ती म्हणाली, आई, नको ना. तीन, चार. पाचवीला ती गप्प झाली. सातवी ओतली, तोंडावरचं पाणी पुसलं, डोळे उघडले तर दार रिकामं.

पेढे पायरीवर होते. दोन दिवस होते. मुंग्या लागल्या तेव्हा ह्यांनी उचलले.

तेव्हापासून मी डोक्यावरून न्हाते ती लोटीलोटीनं, डोळे उघडे ठेवून. शिकेकाई झोंबते. झोंबू दे.

हे पान फाडायचं होतं, पण पाठीमागं प्रॅक्टिस लिहिलीय.

ज्येष्ठ शुद्ध ५, शुक्रवार.

सगळी तयारी झाली. उद्याचा दिवस मध्ये, परवा मॅच.

सुशीलाबाईला वाटतं मी भोपळ्याशिवाय उतरणार. उतरणारच, दिसायला. घरचा एक लहान दुध्या भोपळा चांगला वाळलाय. पोटाशी बांधायचा, वरून नऊवारीचा घोळ, त्यावर पदर आवळून. कोणाच्या बापाला कळणार नाही. मानेशी भोक पाडून आतल्या बिया काढून घेतल्या. एवढ्या जातिवंत बिया वाया कशाला घालवायच्या? परसात आडाशेजारी लावल्या. भोकाला लाकडाची खुंटी ठोकली आणि वरून मेण ओतलं. हौदात टाकून बघितला. राजासारखा तरंगला.

बोलायचंही ठरवलंय. ती रडायला लागली की म्हणायचं, लोकं बघतात, डोळे पूस. एवढंच. जास्त नाही. अंबाडीची भाजी आणि भाकरी बांधून न्यायची का? तिला आवडते. नको. मॅच आहे, माहेरपण नाही.

थोडी नेते. माझ्यासाठी.

ज्येष्ठ शुद्ध ७, रविवार. सकाळ.

आज. टांगा साडेबाराला.

ज्येष्ठ शुद्ध ९, मंगळवार.

अंग दुखतं. लिहायचं नाही.

ज्येष्ठ शुद्ध १०, बुधवार.

शेजारच्या मंगलाबाई ह्यांना सांगून गेल्या, घरात बघा, काहीतरी मेल्यासारखा वास येतो. वास माझा. रविवारपासून अंघोळ केलेली नाही आणि करणार नाही. हे म्हणाले, अगं, निदान हातपाय. मी म्हटलं, दुकानी जा.

ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार.

लिहून टाकते. नाहीतर डोक्यात तेच फिरतं.

कमल आली. वाळलीय. केस मागं गच्च बांधायचे कळत नाही तिला अजून, बटा सुटल्या होत्या. तिनं मला बघितलं आणि जागच्या जागी थांबली. मग आपल्या बायकांत जाऊन बसली, माझ्याकडं पाठ करून. मी भाकरीची पुरचुंडी मांडीवर घेऊन बसले. भोपळा शेजारी पायरीवर, ओच्याखाली झाकून. ऊन असलं की काळा दगड तव्यासारखा तापलेला.

पहिल्या दोघी गेल्या, आल्या. आम्ही बरोबरीनं होतो. आमच्या दुसरीला येताना बघून मी आडोशाला जाऊन भोपळा पोटाशी बांधला. पोट सहावा महिना लागलेल्या बाईसारखं दिसायला लागलं. सुशीलाबाई माझ्या पोटाकडं बघत राहिली, पण तेवढ्यात आमचा नंबर आला.

पायरीवर आम्ही दोघी. हातभर अंतर. अडीच वर्षांत एवढ्या जवळ आलो नव्हतो. ठरवलेलं सगळं विसरले. तोंडातून निघालं, केस नीट बांध.

तिनं बांधले. दोन्ही हातांनी, गच्च. म्हणजे ऐकते अजून.

शिट्टी झाली. उतरलो. पहिले दहा हात मी झोकात गेले, हे सगळ्यांनी बघितलंय. ती माझ्यापुढं, सरळ, डोकं पाण्यात घालून, पोहताना लहान दिसत होती. मग पोटाशी बुड बुड बुड आवाज आला. दगडाच्या तापानं मेण पातळ झालं होतं. खुंटी निघाली. बियांसाठी पाडलेल्या भोकातून अख्खी विहीर आत शिरली. पाय खाली गेले. नियमाप्रमाणं.

मग डोकं गेलं.

डोळे मिटायचे नाहीत एवढंच आठवत होतं. मिटले तर उघडल्यावर कोणी नसतं. नीलव्वा म्हणाली होती तसं, नुसतं हिरवं. मी हिरव्यात बघत राहिले. आणि त्यातून एक हात आला. काचेची बांगडी असलेला.

मला केसाला धरून वर काढली. तिला लहानपणी न्हायला घालताना मी अशीच धरायची, आणि ती अशीच हातपाय झाडायची.

नीलव्वा नंतर सांगत होती, तुझी लेक पलीकडच्या भिंतीला हात लावायच्या बेतात होती. तशीच मागं फिरली. सगळ्यांच्या आधी.

पायरीवर मला पालथी घातली, पाठीवर थापट्या मारल्या, पाणी काढलं. पोटावरचा भोपळा सुटून पायरीवरून टप टप करत खाली गेला. बायका आधी घाबरलेल्या होत्या, मग एकीला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. कमल हसली नाही. आडोशाला नेऊन स्वतःचं कोरडं लुगडं मला नेसवलं. निऱ्या पण तिनंच घातल्या. स्वतः ओल्यानंच उभी. मी पदर अंगाभोवती आवळून घेतला, गारठ्यानं. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली. हळू. आवाज न चढवता. म्हणाली, बाई, मेलेल्या माणसाचा हात लागलाय तुम्हाला. घरी गेल्यावर अंघोळ करा.

बाई म्हणाली.

कप धारवाडला गेला. कमलनं तो हातात घेतला नाही. टांगे निघाले तेव्हा लक्षात आलं, भाकरी माझ्याच मांडीवर होती.

तर मी अंघोळ केलेली नाही. सहावा दिवस. अंघोळ केली तर तिचा हात लागला तो मेलेल्याचा असं होईल. मंगलाबाईंनी नाक धरावं, नाहीतर माहेरी जावं.

ज्येष्ठ वद्य १, सोमवार.

केली. देव्हाऱ्यातल्या समईला हात लावायचा तर करावी लागते. पण पायापासून केली. डोकं कोरडं. तिनं धरलेले केस कोरडे आहेत.

ज्येष्ठ वद्य ५, शुक्रवार.

मी टीम सोडली. सुशीलाबाई घरी येऊन म्हणाली, गोदाक्का, तुम्ही आता काठावर बसून शिट्टी वाजवा. त्याच्या आधीच मी मनात सोडली होती, म्हणून मीच सोडली असं सगळ्यांना सांगितलंय. नीलव्वा म्हणते, एकटी ये, मी शिकवते, फुकट. बघू म्हटलं.

कमलचं लुगडं धुतलं. घडी घालून ट्रंकेत ठेवलं. काढलं. परत धुतलं.

आषाढ शुद्ध ११, शुक्रवार.

बिया उगवल्या. आडाशेजारी वेल वीतभर झालाय.

काल गुरुवार. हे धारवाडहून आले. मी विचारलं, कशी आहेत भांडी? त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, बरी आहेत. खोकला होता, आता बरी आहेत.

ओल्या लुगड्यानं टांग्यातून गेली, खोकला होणारच. कोणी सांगितलं होतं?

मी लोणच्याची नवी बरणी पुढच्या फळीवर ठेवली. उंदराला सापडायला सोपी.

आषाढ वद्य १०, शुक्रवार.

नागपंचमी जवळ आली. पेठेत घरोघरी लेकींना आणायला माणसं चालली. आपण होऊन लेक पंचमीला येत नाही, माहेरचं माणूस न्यायला जावं लागतं, ही रीत. दोन पंचम्या मी वाट बघितली, आली नाही, म्हणून तिलाच नावं ठेवली. आणायला कोणी पाठवलं होतं? मेलेल्याला कोण आणायला जातं?

हे दर गुरुवारी जायचे ते लोणचं घेऊन. आणायला म्हणून नाही.

आषाढ वद्य १४, मंगळवार. दुपार.

गुरुवारी ह्यांच्या हाती द्यायचं पत्र. आधी इथं लिहून बघते, मग शाईनं.

चि. कमल हिला आईचा आशीर्वाद.

पत्र लांबवत नाही. तुझं लुगडं माझ्याकडं आहे. टपालानं पाठवणार नाही, हरवतं. न्यायला यावं लागेल. सोमवारी पंचमी आहे. शेंगदाण्याच्या आणि तिळाच्या उंड्या गुळात वळल्यात, तुझ्या बाबांना चावत नाहीत, वाया जातील. झोका परसात बांधलाय. दोर नवा आहे.

तुझे बाबा न्यायला आलेत असं समज. समज नाही, आलेतच. ह्या वेळी लोणचं द्यायला नाही, न्यायला. मीच पाठवलंय. मास्तरांना यायचं असेल तर येऊ देत. पानात काय वाढलेलं त्यांना चालतं ते कळव. परसाच्या दारानं यायचं नाही. पुढच्या दारानं यायचं, पेठेतून, दिवसाउजेडी.

त्या दिवशी घरी जाऊन अंघोळ करा म्हणालीस. मी केली नाही. आठ दिवस केली नाही. मंगलाबाईंना विचार, पुरावा आहे. पुढं केली तीही डोकं सोडून. आजपर्यंत डोक्यावरून घेतलेलं नाही. दीड महिना झाला. उवा होतील. आता ते न्हाण तू आल्याशिवाय होणार नाही. तेल तापवून ठेवते, तू घाल. तोंडावरचं पाणी पुसेपर्यंत तिथंच उभी रहा. एवढंच मागणं आहे.

आत नुसतं हिरवं असतं, ते मी बघितलं. तुझी बांगडी पण बघितली.

येतेस का नाही ते बाबांच्या हाती सांगून पाठव. येत नसशील तर नाही म्हण, गप्प बसू नकोस. मला गप्प बसलेलं कळत नाही. बाबांची गाडी दिवेलागणीला येते. मी पुढच्या दारात उभी आहे. गुरुवारी, दिवे लागता लागता, उत्तर पाहिजे.